मालक, मॅनेजर आणि आपण: सांगली-मिरजेतल्या युनायटेड चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर या पट्ट्यात इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे चाहते किती आहेत हे बाहेरच्याला पटत नाही. कॉलेजची पोरं आहेत, मार्केट यार्डातले व्यापारी आहेत, एमआयडीसीत सेकंड शिफ्ट संपवून थेट मॅच लावणारे आहेत. एकत्र मॅच बघायला बसलो की हाफटाइमला तेच प्रश्न निघतात, आणि गेली काही वर्षं ते बॉलपेक्षा मालकाभोवतीच फिरतात. नव्याने येणाऱ्यांना दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

पोरं पळत नाहीत, डिफेंडर माणूस सोडतो. त्यात मालकाचा काय संबंध?

त्या एका गोलात मालकाचा संबंध नाही. पण तो डिफेंडर तिथे कसा आला, कोणत्या मॅनेजरसाठी आणला होता आणि आज तो कोणाच्या हाताखाली खेळतोय, हे विचारत गेलात की तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मालकापाशी पोचता.

२०१४ मध्ये एंजेल डी मारियाला जवळपास ६ कोटी पौंड देऊन आणलं आणि वर्षभरात पॅरिसला विकलं. २०२२ मध्ये अँटनीसाठी ८ कोटी पौंडांच्या वर मोजले. तेव्हाच्या मॅनेजरला तो नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबपासून माहीत होता, एवढाच त्यातला आधार. तो मॅनेजर गेला आणि अँटनीही आधी लोनवर, मग कायमचा रेआल बेटिसकडे गेला. मॅनेजरांपैकी व्हॅन गालना बॉल पायात ठेवणारा संघ हवा होता, मोरिन्होंना भक्कम बचाव हवा होता, सोल्शायर वेगवान काउंटरवर जिंकायचे, आमोरिम मागे तिघेच ठेवायचे. दर वेळी नव्या माणसाला आधीच्याच्या पद्धतीची पोरं मिळाली. खेळाडू वाईट म्हणून संघ वाईट, असं एखाद्या हंगामात घडू शकतं. दहा-बारा वर्षं तेच चाललं तर निवडणाऱ्यांकडे बघावं लागतं.

ग्लेझर कुटुंबाने नेमकं केलं काय? सगळे त्यांच्या नावाने ओरडतात, पण नीट कोणी सांगत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं इथून निघतं.

१९९१ पासून युनायटेड लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. अंगावर कर्ज जवळजवळ नव्हतं. अमेरिकेतले उद्योजक माल्कम ग्लेझर २००३ पासून शेअर गोळा करत गेले आणि २००५ मध्ये त्यांनी पूर्ण क्लब ताब्यात घेतला. त्या व्यवहारात क्लबची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड धरली होती. यातला मोठा वाटा त्यांनी कर्ज काढून उभा केला आणि त्या कर्जाचा बराच भाग क्लबच्याच मालमत्तेवर टाकला. म्हणजे घेणारे ते आणि फेडणारा क्लब. काही कर्जाचा व्याजदर तर १४ टक्क्यांच्या वर होता. २०१० मध्ये जुनं कर्ज फेडायला ५० कोटी पौंडांचे रोखे काढले, म्हणजे कर्ज गेलं नाही, नुसतं फिरवलं. २०१२ मध्ये क्लब न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नेला. पुढे काही वर्षं लाभांशही वाटला गेला, आणि त्यातला बहुतेक त्याच कुटुंबाकडे गेला. व्याज, लाभांश, फी असं सगळं मिळून या मालकीपायी क्लबमधून एक अब्ज पौंडांहून जास्त बाहेर गेले, असा हिशोब ब्रिटिश पत्रकारांनी वेळोवेळी मांडला आहे.

या काळात क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मोठी गुंतवणूक झाली नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर पावसाचं पाणी छपरातून धबधब्यासारखं खाली येत होतं, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. व्याजाला गेलेला पैसा कुठे कमी पडला ते त्या छपराने दाखवलं.

मग कोणी म्हणतं, ग्लेझर आल्यावरही पाच लीग आणि २००८ ची चॅम्पियन्स लीग जिंकलीच की. जिंकली. ती तेव्हाचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी जिंकून दिली. ते होते तोवर मालकीची जखम झाकलेली राहिली. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतर एकही लीग आलेली नाही.

पण खर्च तर भरपूर केला ना? कंजूष मालक कसे म्हणायचे?

कंजूष म्हणूच नका, तो आरोप चुकीचा आहे आणि त्याने आपलं म्हणणं कच्चं पडतं. खेळाडूंवर प्रचंड पैसा गेला. तक्रार अशी आहे की तो पैसा क्लबने स्वतः कमावलेला होता आणि तो कुठे घालायचा हे ठरवायला फुटबॉल कळणारी माणसं अनेक वर्षं वर बसवलीच नाहीत. फुटबॉल डायरेक्टर हे पद क्लबमध्ये पहिल्यांदा २०२१ मध्ये भरलं गेलं. तोवर सौदे मुख्यतः बँकिंगमधून आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती होते.

आता रॅटक्लिफ आले. मग सुटलो का?

२०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योजक सर जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २७ टक्के हिस्सा घेतला. शेअरमागे ३३ डॉलर मोजले, शिवाय मैदानाच्या सुधारणांसाठी ३० कोटी डॉलर क्लबमध्ये घालायचं ठरलं. फुटबॉलचा कारभार त्यांच्या इनिऑस या कंपनीकडे आला. ते लहानपणापासून युनायटेडचे चाहते, मँचेस्टरजवळच जन्मलेले, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी खूप आशा धरली होती. मीही धरली होती, आणि ती धरणं गैर नव्हतं.

पण बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिलं. कर्जही जागेवर राहिलं. मग कपात सुरू झाली. आधी सुमारे २५० नोकऱ्या गेल्या, पुढच्या वर्षी आणखी २०० पर्यंत जाणार असं जाहीर झालं. सर ॲलेक्सना राजदूत म्हणून मिळणारं मानधन बंद केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हंगाम मध्यावर असताना उरलेली तिकिटं ६६ पौंडांना केली आणि मुलांची, ज्येष्ठांची सवलत काढून टाकली. त्याच वर्षी मॅनेजर, त्याचे सहकारी आणि जेमतेम पाच महिने राहिलेला स्पोर्टिंग डायरेक्टर यांना घरी पाठवायला क्लबने जवळपास १ कोटी ४५ लाख पौंड मोजले. कॅन्टीनपासून काटकसर करणाऱ्या क्लबने स्वतःच्या चुकीच्या निवडींसाठी हा पैसा दिला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझा राग आवरत नाही.

सगळंच वाईट आहे असंही नाही. कॅरिंग्टनच्या सराव केंद्राचं काम झालं, आणि मार्च २०२५ मध्ये एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर झाला. त्याचे दोन अब्ज पौंड कुठून येणार हा प्रश्न मात्र विचारत राहायला हवा. आधीचं कर्ज कसं आलं ते आपण विसरलेलो नाही.

न्यूयॉर्कला शेअर मिळतो ना? सगळ्या चाहत्यांनी मिळून घेतला तर?

बाजारात मिळतो तो ए वर्गाचा शेअर, त्याला एक मत. कुटुंबाकडे आहे तो बी वर्ग, त्याला दहा मतं. म्हणजे ए वर्गाचे सगळे शेअर चाहत्यांनी घेतले तरी सूत्रं हलणार नाहीत. आठवण म्हणून घ्यायचा तर घ्या.

फर्ग्युसननंतर किती मॅनेजर झाले?

हंगामी सोडून मोजा. डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. लुई व्हॅन गाल दोन हंगाम राहिले. २०१६ चा एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांना निरोप मिळाला. जोझे मोरिन्हो २०१६ च्या उन्हाळ्यात आले, युरोपा लीग आणि लीग कप जिंकले, डिसेंबर २०१८ मध्ये गेले. ओले गुन्नार सोल्शायर आधी हंगामी, मग कायम, नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर. एरिक टेन हाग २०२२ ते ऑक्टोबर २०२४. रुबेन आमोरिम नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२६. मध्ये गिग्ज, रँगनिक, व्हॅन निस्टेलरॉय यांनी हंगामी म्हणून गाडा ओढला, आणि आमोरिमनंतर हंगाम संपेपर्यंत मायकल कॅरिकला बोलावलं.

मॅनेजरला वेळ द्यायला हवा असं तुम्हीच म्हणता, आणि हरला की काढा म्हणूनही तुम्हीच ओरडता. नक्की काय?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि यावर आमच्यातही दोन तट आहेत.

वेळ द्या म्हणणारे फर्ग्युसनचं उदाहरण देतात. ते बरोबरच आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये आलेल्या माणसाचा संघ १९८९ मध्ये अकरावा आणि १९९० मध्ये तेरावा आला होता. १९९० चा एफए कप मिळाला आणि पहिली लीग थेट १९९३ मध्ये. पण त्या सहा-सात वर्षांत नुसती वाट बघितली गेली नव्हती. पोरं शोधायची यंत्रणा नव्याने बांधली गेली, १९९२ चा युवा संघ तयार झाला, दारूच्या सवयी मोडल्या गेल्या. वरच्यांना काय चाललंय ते दिसत होतं आणि ते कळत होतं, म्हणून ते थांबले.

आता २०२४ बघा. टेन हागने मे महिन्यात मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. क्लबने आधी दुसऱ्या उमेदवारांशी बोलणी केली, मग त्यांनाच ठेवायचं ठरवलं, जुलैत करार वाढवला. उन्हाळ्यात डी लिख्ट आणि मझरावी घेतले, दोघेही आयॅक्समध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेले. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांना काढलं. मग भर हंगामात आमोरिमना आणलं. त्यांची पद्धत मागे तीन आणि बाजूला विंगबॅक अशी, आणि संघ बांधलेला होता मागे चार धरून. त्या हंगामात संघ ४२ गुणांवर, पंधराव्या जागी राहिला. प्रीमियर लीगच्या काळातला तो युनायटेडचा नीचांक. बिल्बाओतली युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० ने गेली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आणि घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून कोणाला धड ओरडताही आलं नाही.

टेन हागना मे महिन्यातच काढलं असतं तर मी समजू शकलो असतो. पूर्ण हंगाम ठेवलं असतं तरी समजलो असतो. जे झालं त्यात निर्णयच नव्हता, भीड होती. म्हणून माझं म्हणणं असं की ‘वेळ द्या की काढा’ हा वाद आपण चुकीच्या ठिकाणी घालतोय. वेळ देणाऱ्याला त्या वेळेत काय घडायला हवं हे ठाऊक नसेल तर तीन महिने दिले काय आणि तीन वर्षं दिली काय, खुर्चीवरचा माणूस तेवढा बदलतो.

जर्मनीत म्हणे चाहतेच मालक असतात. आपल्याकडे असं का नाही?

सांगलीच्या माणसाला हे समजवायला सर्वात सोपं आहे. सहकारी साखर कारखान्यात तुमचे शेअर कितीही असोत, मत एकच. पाच वर्षांनी पॅनेल पडतात, संचालक मंडळ निवडून येतं, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत साधा ऊस उत्पादक उभा राहून अध्यक्षाला हिशोब विचारू शकतो. जर्मनीतला ५०+१ नियम त्याच जातीचा आहे. गुंतवणूकदार पैसे घालू शकतो, पण मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहतं. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गला जुनी सूट आहे, लाइपझिगने सभासदत्वच इतकं आवळलं की नियमाचा आत्मा राहिला नाही. तरी नियम टिकून आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लीगने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिस बॉल फेकून मॅचेस थांबवल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सौदा सोडून द्यावा लागला.

पण सभासद मालक झाले की सगळं सुरळीत, असं मानू नका. आपल्या भागात सभासदांचे कारखाने सभासदांच्या डोळ्यांदेखत कर्जात गेले आणि भाडेतत्त्वावर दुसऱ्यांनी चालवायला घेतले, हे आपण पाहिलं आहे. बार्सिलोना सभासदांचाच क्लब. तरी त्याच्यावर एक अब्ज युरोंच्या वर कर्ज चढलं आणि २०२१ मध्ये मेसीला रडत जावं लागलं. फरक असा की तिथे सभासदाला उभं राहून विचारायचा हक्क आहे. ओल्ड ट्रॅफर्डवर तीन पिढ्या तिकीट काढणाऱ्या माणसाला तो हक्क नाही.

इंग्लंडमध्ये आता कायदा झाला आहे. २०१९ मध्ये बरी नावाचा सव्वाशे वर्षांहून जुना क्लब मालकाच्या कारभारामुळे लीगमधून बाहेर काढला गेला, २०२१ मध्ये सुपर लीगचं, म्हणजे बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी लीग काढायचं, प्रकरण झालं, त्यानंतर चाहत्यांची बाजू धरून मोठा आढावा घेतला गेला आणि जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियामकाचा कायदा मंजूर झाला. मालकांची पात्रता, क्लबचे आर्थिक व्यवहार, मैदान विकणं, क्लबचे रंग आणि बोधचिन्ह बदलणं यांवर त्यामुळे लक्ष राहील. त्याने ग्लेझर जाणार नाहीत.

निषेध करून काही होतं का?

होतं, पण हवं ते सगळं होत नाही.

१८ एप्रिल २०२१ ला बारा क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत मागे फिरले. रस्त्यावर चाहते उतरले, खेळाडू बोलले, सरकार बोललं. २ मे रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या मॅचआधी चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि मॅच पुढे ढकलावी लागली. आपण तेव्हा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात अडकलेलो, रात्री नऊला टीव्ही लावून रिकामं मैदान बघत बसलो होतो. मॅच झाली नाही याचा आनंद वाटलेली ती एकच रात्र.

त्याआधी २०१० मध्ये हिरव्या-सोनेरी मफलरची लाट होती. ते रंग न्यूटन हीथचे, म्हणजे १९०२ पूर्वी क्लबचं जे नाव होतं त्या संघाचे. आणि २००५ मध्ये काही चाहते थेट बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. एक सभासद, एक मत. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःचं मैदानही उभं केलं. खालच्या लीगमध्ये खेळतात, पण आहेत.

आपण सांगलीत. आपल्या ओरडण्याने मँचेस्टरला काय फरक पडणार?

हा प्रश्न विचारणारा स्वतःला फुकटचा प्रेक्षक समजतो. तसं नाही. प्रीमियर लीगला परदेशातल्या प्रक्षेपण हक्कांतून मिळणारी रक्कम आता ब्रिटनमधल्या रकमेच्या पुढे गेली आहे. रात्री दीडला मोबाइलवर मॅच लावणारा विश्रामबागेतला पोरगा त्या हिशोबात धरलेला आहे. शर्टवर नाव लावणाऱ्या कंपन्या आपल्यासारख्यांच्या नजरेसाठीच पैसे मोजतात. म्हणजे पैशाच्या हिशोबात आपण आहोत आणि निर्णयाच्या हिशोबात नाही.

मग करायचं काय? क्लबच्या दुकानातून दर वर्षी नवीन जर्सी घेणं थांबवा, जुनी चालते. प्रायोजकांच्या जाहिराती फॉरवर्ड करू नका. मँचेस्टरमधल्या चाहत्यांनी तिकिटांवर मोहीम काढली तर ती आपली नाही म्हणून सोडू नका. तिथली स्टँड रिकामी झाली तर आपल्याला दिसणाऱ्या मॅचमध्येही जीव राहणार नाही. आणि खेळाडूंच्या इन्स्टाग्रामवर जाऊन शिव्या घालू नका. आमच्या गटात तो एकच नियम कडक आहे.

वैताग आलाय. क्लब बदलला तर?

बदला, कोणी अडवणार नाही. पण आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, टॉटनहॅम, सगळीकडे मालकाविरुद्ध चाहते कधी ना कधी रस्त्यावर आलेले आहेत. हे सगळं टाळायला निघाला असाल तर जागा मिळणं कठीण.

इंग्लंडचं सोडा, आपल्याकडे तर क्लबच टिकत नाहीत.

खरं आहे, आणि हे जास्त लागतं. सांगलीची किती पोरं शिकायला, नोकरीला पुण्यात असतात. त्यांनी पुणे एफसीला आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरं येताना पाहिलं. तो क्लब पुढे बंद झाला. मग एफसी पुणे सिटी आला, बालेवाडीला मॅचेस व्हायच्या, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेला. पाच हंगामांत कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन असे एकामागून एक कोच आले. २०१९ मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणीत क्लबच संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. चाहत्यांना कोणी विचारलं नाही. २०२५ च्या जुलैत तर अख्खी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, थांबली, कारण फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला २०१० चा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं ठरलं नव्हतं.

म्हणून मी प्रत्येकाला कोल्हापूरला जायला सांगतो. मिरजेतून रेल्वे आहे, एसटी आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचला बसा. संघ पेठेचा, वर्गणी पेठेची, पोरगा गल्लीतला. अनिकेत जाधव त्याच शहरातून निघून २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला. तिथेही भांडणं होतात, पैशाची चणचण असते. पण संघ हरला तर कोणाला जाब विचारायचा हे प्रेक्षकाला माहीत असतं आणि तो माणूस संध्याकाळी चौकात भेटतो.

नवा मॅनेजर जाहीर झाला की आधी काय बघायचं?

त्याचा फोटो आणि जुने कप नंतर बघा. आधी बघा की त्याला मॅनेजर म्हणून घेतलं आहे की हेड कोच म्हणून, कारण आमोरिम हेड कोच होते आणि शेवटच्या दिवसांत अधिकाराचाच वाद झाला. मग करार किती वर्षांचा आणि मध्ये काढलं तर क्लबला किती भुर्दंड, हे बातमीत आलंय का पाहा. त्याच्या पद्धतीचे खेळाडू संघात आहेत की पुन्हा पाच-सहा नवे लागणार, हे आपलं आपण कागदावर अकरा नावं लिहून ताडता येतं. युवा संघातल्या पोरांबद्दल तो पहिल्या मुलाखतीत काय बोलतो ते ऐका. आणि तो आल्यावर पुढच्या तिमाहीचे आकडे क्लब शेअर बाजाराला देईल, ते सगळ्यांना खुले असतात; त्यात व्याजापोटी किती गेलं ती ओळ शोधा आणि गटात टाका.